जे असेल ते टाका

"घाई करा, गडबड करू नका."

हे म्हणताना आमच्या शेजारचे काका पालथा पंजा हवेत धरायचे आणि सावकाश खाली दाबत आणायचे. समोर कितीही आरडाओरडा चाललेला असो, तो पंजा खाली येईपर्यंत निम्मी माणसं गप्प झालेली असायची. उरलेली हसू दाबत असायची, कारण त्या पंजाची नक्कल आमच्या गल्लीत सगळ्यांनाच येते.

ते कागद कारखान्यात फोरमन होते. माझे यजमान त्यांच्याच हाताखाली. मशीनवर धावणारा कागदाचा पट्टा मध्येच तुटला की तिथे भलतीच पळापळ होते म्हणे. एक जण ओरडतो, दुसरा त्याच्या पायात पाय घालतो. "शीट तुटली की साहेब येऊन उभे राहायचे," यजमान सांगतात, "पंजा खाली दाबायचे, तेवढं एक वाक्य बोलायचे. कागद पुन्हा चालू." निवृत्तीनंतर साहेबांनी बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात घर घेतलं, ते नेमकं आमच्या शेजारचं. कारखाना सुटला पण साहेब काही सुटले नाहीत, असं यजमान अजून म्हणतात, आणि ते सुखानेच म्हणतात.

गल्ली त्यांना फोरमनकाका म्हणायची. मीही काकाच म्हणायचे. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत. आमच्या दोन्ही घरांच्या परसांच्या मध्ये छातीइतक्या उंचीची एक भिंत आहे. आमचं निम्मं बोलणं त्या भिंतीवरूनच व्हायचं.

एकदा वरातीची घोडी फटाक्यांनी बिथरली. बँडवाले दुकानांत शिरले, करवल्या किंचाळू लागल्या. काका बनियनवरच बाहेर आले, घोडीसमोर उभे राहिले, पंजा खाली दाबला आणि तिलाही तेच सांगितलं. घोडी थांबली. नवरदेव मात्र तोवर उडी मारून मिठाईच्या दुकानात जाऊन बसला होता. तिथून त्याला बाहेर काढायला जास्त वेळ लागला.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. सगळ्यांच्या घरचं सगळं त्याला येतं, फक्त स्वतःच्या स्वयंपाकघरातलं काही येत नाही. काकू होत्या तोवर काकांची मजल चहापर्यंत. तोही त्यांनी केला की काकू कपाकडे बघून विचारायच्या, "हा चहा आहे की कारखान्याचं पाणी?" चिकन करायचं झालं तर ते परसातल्या ओट्यावर, वेगळ्या कढईत, वेगळ्या शेगडीवर. आतल्या चुलीला त्याचा वासही लागू द्यायच्या नाहीत. स्वतः मात्र आवडीने खायच्या. "खाण्याला ना नाही, चुलीला ना आहे," असं त्यांचं शास्त्र.

काकू गेल्या. त्यानंतर वर्ष सरतं न सरतं तोच त्यांचा एकुलता मुलगा महामार्गावरच्या अपघातात गेला. घरात तिघं उरली. काका, सून स्वाती आणि नात मनू.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते, की भिंतीपलीकडून भांड्याचाही आवाज येत नसे. स्वाती एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. रक्त तपासायचं काम. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, मग स्वयंपाकाला लागायची. एका संध्याकाळी ती पदर खोचून तशीच ओट्याशी टेकली आणि उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. काकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर त्यांचं डोकं उगवलं.

"मास्तरीणबाई, खिचडीला पाणी किती?"

"दुप्पट-अडीचपट. का हो?"

"तांदळाच्या की डाळीच्या?"

त्या दिवशीची खिचडी भिंतीवरून आमच्याकडे चाखायला आली. यजमानांनी चमचा उलटा धरून पाहिला. खिचडी पडेना. "साहेब, हिने पुठ्ठे चिकटतील," ते म्हणाले. काका जराही रागावले नाहीत. "लगदा बरा जमला म्हणजे. पुढच्या खेपेला पाणी वाढवू," म्हणाले आणि गेले. हळूहळू वरण जमलं, बटाट्याची भाजी जमली, शेवभाजीत शेव शेवटी टाकायची हेही कळलं.

पण मनू जेवेना. ती माझ्याच शाळेत चौथीत होती. तिचा डबा मधल्या सुट्टीत उघडायचा आणि तसाच बंद व्हायचा. घरी मोबाइल समोर ठेवल्याशिवाय घास तोंडात जात नसे, आणि बोलणं तर जवळजवळ थांबलंच होतं. काय लागलं तर खुणेने मागायची. काका तिला कारखान्यातल्या गमती सांगायचे, आवाज काढून दाखवायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायची.

मग एका संध्याकाळी तिने मोबाइलच त्यांच्यासमोर धरला. कुठल्यातरी दूरदेशीची एक बाई घरच्यांसाठी झटपट जेवण करत होती. लहान लहान पिवळ्या पोळ्या, त्यांत चिकनचे बारीक तुकडे, वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर, पिळलेलं लिंबू, आणि पोळी दुमडून थेट तोंडात.

"आजोबा, हे करा ना. टॅको."

किती दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं! काकांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"टाको? काय टाको?"

"टॅको, आजोबा!"

"तेच म्हणतो. काय टाकायचं आत?"

"कुछ भी. जे असेल ते."

"मग नाव बराबर आहे," काका म्हणाले. "जे असेल ते टाका."

त्या दिवसापासून त्या पदार्थाचं नाव आमच्या दोन्ही घरांत टाको. मनूने सुधारायचा प्रयत्न केला, मग तीही टाको म्हणू लागली.

पहिला टाको मी भिंतीवरून डोळ्यांनी पाहिला आहे. काकांनी मक्याचं पीठ आणलं होतं, आपल्या भागात मक्याला काय तोटा. गार पाण्यात भिजवलं, थापलं, तव्यावर टाकलं, भाजलं. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी वर चिकन ठेवून मोठ्या ऐटीत भाकर मधोमध दुमडली आणि ती कट्‌कन मोडून दोन तुकडे हातात आले. आतलं चिकन ओट्यावर सांडलं.

"शीट तुटली!" काका जुन्या सवयीने असे काही ओरडले, की आतल्या खोलीतून माझे यजमान चपला न घालता परसात धावत आले.

आणि मनू हसली. आधी नाकातून फुर्र असा आवाज आला, मग तिला आवरेना. ती ओट्याला धरून खाली बसली. काकांनी दुसरी भाकर घेतली, दुमडली, तीही मोडली. ते पुन्हा ओरडले, "शीट तुटली!" तिसरी तर मला वाटतं त्यांनी मुद्दामच मोडली. स्वाती तेवढ्यात कामावरून आली होती. ती दारातच उभी राहिली, पर्स खांद्यावर तशीच, आणि मुलीचं हसणं ऐकत राहिली. त्या रात्री त्यांनी मोडक्या तुकड्यांनी चिकन उचलून खाल्लं. मनूने मोबाइल मागितला नाही.

मग काकांनी टाको मनावर घेतला. कारखान्यात बिघाड शोधायचे तसा त्यांनी मक्याच्या भाकरीचा बिघाड शोधला. "कागद असो की भाकर, ओल उडाली की तडकणारच," असं म्हणून त्यांनी पीठ कडकडीत पाण्यात मळलं. मी म्हटलं, मूठभर कणीक घाला, चिवटपणा येईल. ते पटलं. थापताना कडा फाटायच्या, म्हणून दुधाच्या पिशव्या कापून धुतल्या, दोन पिशव्यांच्या मध्ये गोळा ठेवला आणि वरून सपाट बुडाचं पातेलं दाबलं. अशी गोल, एकसारखी भाकर निघाली, की त्यांनी ती भिंतीवरून उजेडात धरून मला दाखवली, कारखान्यात कागद तपासायचे तशी. भाजलेली भाकर उघडी ठेवायची नाही, लगेच ओलसर फडक्यात गुंडाळायची. मग कशीही दुमडा, मोडत नाही.

चिकनचंही त्यांनी ठरवून टाकलं. दुकानदाराने पहिल्या वेळी विचारलं, "काकाजी, कीमा कर दूँ?"

"कीमा नाही. हरभऱ्याएवढं काप."

"इतना बारीक? दात नहीं है क्या?"

"दात आहेत. वेळ नाही. सून भुकेली येते."

तेच खरं कारण होतं. तुकडे बारीक असले की लवकर शिजतात. ते दुपारीच दही, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ लावून चिकन मुरत ठेवायचे. कांदा बारीक चिरून लिंबू-मिठात, टोमॅटो-कोथिंबीर वेगळ्या वाटीत, कोबी दोऱ्यासारखा, एका वाटीत दही, हिरव्या मिरचीचा ठेचा मोठ्यांसाठी. भाकरी भाजून फडक्यात. स्वातीच्या स्कूटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की मोठ्या आचेवर कढई. ती हात-पाय धुऊन परसात येईपर्यंत चिकन तयार. सटासट. चटई अंथरायची, वाट्या मधोमध मांडायच्या आणि ज्याने त्याने आपापला टाको भरून घ्यायचा. कुणी कुणाला वाढायचं नाही. "बाई दिवसभर काम करून आली तर तिने वाढायचं कशाला?" काका म्हणायचे.

बुधवार हा टाकोचा वार ठरला. बुधवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून जो कलकलाट यायचा, तो ऐकायला म्हणून मी दोरीवरचे कपडे मुद्दाम उशिरा काढायचे. मग एक ताट भिंतीवरून इकडे सरकायचं आणि आम्ही दोघंही उभ्या उभ्या खायचो. काकूंचा नियम मात्र काकांनी मोडला नाही. शेगडी परसातच राहिली.

असे दिवस चांगले चालले होते. आणि नेमके तेव्हाच, एका दुपारी, काका भिंतीशी आले आणि नेहमीसारखं काही विचारलं नाही. नुसते उभे राहिले.

"काय झालं, काका?"

"मास्तरीणबाई, स्वातीचं लग्न करावं म्हणतो."

माझ्या हातातली पिळलेली चादर तशीच राहिली. "स्वातीशी बोललात?"

"बोललो. म्हणून तर इथे येऊन उभा आहे."

स्वाती भडकली होती. "मी जड झाले का तुम्हाला, बाबा?" एवढंच म्हणून ती खोलीत गेली होती. त्या बुधवारी तिने आपलं ताट आत नेलं. मनू एकदा आजोबांकडे बघायची, एकदा बंद दाराकडे. कलकलाट नव्हता. पुढच्या बुधवारीही नाही. त्यातच काकांच्या एका चुलतभावाचा फोन आला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. "सुनेचं लग्न सासरा लावतो का कुठे? जग काय म्हणेल?" काकांनी त्याला सांगितलं, "जग आपल्याकडे बुधवारी जेवायला येत नाही," आणि फोन ठेवला. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना इतकं खचलेलं मुलाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. तेव्हा ते दुसऱ्यांना सावरत होते.

शेवटी स्वातीच एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली. काका कांदा चिरत होते. मी भिंतीच्या अलीकडे तुळशीला पाणी घालत होते. ऐकायचं नाही असं ठरवूनही ऐकू आलं.

"बाबा, खरं सांगा. का?"

काकांनी सुरी खाली ठेवली. "तू जड नाहीस गं. मी म्हातारा आहे. मनू उद्या शिकायला जाईल, परवा सासरी जाईल. मग ह्या ओट्यावर तू एकटी बसशील आणि एकटीपुरतं कोणी टाको करत नाही. मी केला असता का? मी तर तू नसतीस तर चहा-बिस्किटावर राहिलो असतो."

स्वातीने ती सुरी उचलून उरलेला कांदा चिरायला घेतला. मग म्हणाली, "मी ट्रे घेऊन येणार नाही हां. पोहे-बिहे नाही. खाली मान घालून बसणं नाही."

"कोण म्हणतंय ट्रे?" काकांचा आवाज एकदम वर चढला. "बुधवारी बोलावू. टाको करू. येतील ते हाताने भरून खातील."

स्थळ माझ्याच एका सहकारी बाईंनी सुचवलं होतं. त्यांचा मामेभाऊ किशोर, शाहपूरला वीज खात्यात लाइनमन. त्याचं लग्न फार पूर्वी मोडलं होतं. घरी आई, थोडी केळीची बाग. माणूस अबोल पण मनाचा सरळ, असं त्या म्हणाल्या होत्या. काकांनीच त्याला फोनवर सांगितलं, बुधवारी काम सुटल्यावर आईला घेऊन जेवायलाच ये. तो म्हणाला, "बरं." आणि थोडं थांबून, "काय घेऊन येऊ?" काका म्हणाले, "भूक."

त्या बुधवारी काकांची जी धांदल झाली ती काय सांगू! आयुष्यभर लोकांना गडबड करू नका सांगणारा हा माणूस मीठ घातलं की नाही हे दर दोन मिनिटांनी चाखून बघत होता. त्यातच त्यांना शंका आली, की किशोरची आई शाकाहारी असेल तर? वयस्कर बाई, गळ्यात माळ असली तर? आता ऐन वेळी काय करणार? मग त्यांनी कच्ची केळी उकडून, कुस्करून, जिऱ्या-मिरचीवर परतून दुसरी कढई भरली. ती वेगळ्या बाजूला, वेगळ्या चमच्यासकट, काकूंनी ठेवली असती तशी.

पाहुणे आले. किशोर पांढरा शुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आई ठेंगणी, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. मला आणि यजमानांनाही काकांनी बोलावलं होतं. आम्ही सगळे परसातल्या चटईवर बसलो. वाट्या मधोमध. कोणीच हात घालेना. किशोर वाट्यांकडे बघत होता, स्वाती चटईच्या काठाकडे, मनू किशोरकडे. तिची नजर अशी, की मला वर्गातले पेपर तपासतानाची माझीच नजर आठवली.

आणि वीज गेली.

सगळ्यांच्या माना एकदम किशोरकडे वळल्या. अंधारात तो ओशाळून म्हणाला, "ही लाइन माझ्या हद्दीत येत नाही."

पहिली हसली ती स्वाती. मग आम्ही सगळेच. यजमानांनी मोबाइलचा उजेड केला आणि तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. त्या उजेडात काकांनी केळ्याची कढई किशोरच्या आईसमोर सरकवली.

"तुमच्यासाठी बिनचिकनचं केलंय, ताई. वेगळ्या चमच्याचं."

बाईंनी कढईत डोकावून पाहिलं. "हे काय?"

"कच्ची केळी."

"भाऊ, माह्या दारातच केळीची बाग हाय. सकाळी उठते तं केळी, झोपते तं केळी." त्यांनी कढई अलगद बाजूला केली. "मले तं कोंबडीच वाढा."

"वाढायचं नसतं इथे," मनू म्हणाली. त्या संध्याकाळचं तिचं पहिलं वाक्य. "आपलं आपण घ्यायचं."

"मंग तं अजूनच बेस," म्हणून बाईंनी पदर खोचला.

किशोरने मात्र फार भरलं. चिकन, कांदा, कोबी, दही, त्यावर ठेचा. घाबरलेला माणूस करतो तसं. भाकर दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ नेली, वाकडी केली, आणि मागच्या बाजूने सगळं त्या पांढऱ्या शर्टावर आलं. दही खिशात गेलं. तो तसाच थिजून बसला. हातातली रिकामी भाकर धरून. स्वाती उठू लागली, तेवढ्यात मनूच त्याच्यासमोर जाऊन बसली.

"असं नाही. टाको वाकडा नाही करायचा. आपण वाकडं व्हायचं. गर्दन अशी करा."

किशोरने मान वाकडी केली.

"अजून."

त्याने अजून केली. मनूने त्याच्या भाकरीत स्वतः थोडंसंच चिकन घातलं, दुमडून त्याच्या हातात दिली. "आता खा. आराम से." त्याने मान तिरकी ठेवूनच घास घेतला. एक कण सांडला नाही. मनूने आपल्या आईकडे पाहिलं. पास केल्यासारखं.

त्यानंतर गप्पांना काय उशीर! किशोरने खांबावर चढल्यावर वरून गाव कसं दिसतं ते सांगितलं. मनूने विचारलं, भीती वाटते का? तो म्हणाला, "वाटते ना. रोज वाटते." हे उत्तर तिला फार आवडलेलं दिसलं. स्वातीने विचारलं, लग्न का मोडलं? सरळ, सगळ्यांसमोर. त्यानेही सरळ सांगितलं, की तिला शहरात राहायचं होतं, त्याला आईला सोडवत नव्हतं, दोघांपैकी कुणाचंच चुकलं नव्हतं. स्वातीने मान हलवली आणि ठेच्याची वाटी त्याच्याकडे सरकवली.

मी काकांकडे पाहिलं. ते शेगडीजवळ पाठमोरे बसून भाकरी करत होते. खाणाऱ्यांची पोटं भरली होती. तरी ते गोळा ठेवत होते, पातेलं दाबत होते, भाजत होते, फडक्यात गुंडाळत होते. फडक्यातली चळत वाढतच चालली होती. यजमान हळूच म्हणाले, "साहेब, बस झालं." काकांनी मागे न बघता नुसती मान हलवली आणि आणखी एक गोळा घेतला. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या गल्लीने न्याहारीला मक्याच्या भाकरी खाल्ल्या.

लग्न साधंच झालं, आमच्याच गल्लीत. स्वातीच्या बाजूने वडीलकीचा मान काकांनी घेतला. किशोरला काय हाक मारायची हा त्यांच्यापुढे मोठा प्रश्न होता. "जावई म्हणू की मुलगा म्हणू, मास्तरीणबाई? सुनेच्या नवऱ्याला आपल्या भाषेत काही नावच नाही." शेवटी त्यांनी त्याला लाइनमनसाहेब म्हणायचं ठरवलं. किशोर त्यांना पहिल्या दिवसापासून बाबा म्हणत होता.

निघताना त्याने काकांना बरोबर चला म्हटलं. मनू तर त्यांच्या हाताला लोंबकळलीच. काका म्हणाले, "छे छे. नव्या घरात जुनं सामान नेत नाहीत." आणि आत निघून गेले.

पण बुधवार तर यायचाच. पहिल्याच बुधवारी काका पिशवीत पीठ, लसूण आणि आपलं सपाट बुडाचं पातेलं घालून शाहपूरच्या बसमध्ये बसले. "पोरांना सवय आहे म्हणून," ते मला म्हणाले, जसं काही मी विचारलं होतं. रात्री परत आले. पुढच्या बुधवारी गेले ते गुरुवारी सकाळी आले, शेवटची बस निघून गेली म्हणाले. त्याच्या पुढच्या वेळी गुरुवारी संध्याकाळी. किशोरच्या आईशी त्यांचं जिऱ्यावरून भांडण झालं होतं आणि ते मिटवूनच यायचं होतं म्हणे. मग शनिवारी आले, कारण मनूची परीक्षा होती.

आणि मग एका बुधवारी गेले ते आलेच नाहीत. आठवडा झाला. यजमान काळजीत पडले. मी फोन लावला. फोन मनूने उचलला. मागे कढईचा आवाज, कुणीतरी भांडतंय, कुणीतरी हसतंय.

"आजोबा कुठे आहेत गं?"

"आजोबा बिझी आहेत. आजी म्हणते केळ्याचा पण टाको होतो, आजोबा म्हणतात तुम्हीच तर नको म्हणाला होतात."

त्यानंतर रविवारी किशोर मोटारसायकलवर आला. त्याने काकांचे शर्ट नेले, चष्म्याचा दुसरा जोड नेला, काकूंचा फोटो नीट कापडात गुंडाळून नेला. काका स्वतः आले नव्हते. "त्यांनी सांगितलंय, मास्तरीणबाईंना सांग, चार दिवसांत येतो," किशोर म्हणाला. मग आम्ही दोघंही हसलो. आमच्या दोघांनाही ते चार दिवस किती लांबणार हे ठाऊक होतं.

शेजारच्या घरात आता भाड्याने एक बँकेतलं जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. दोघंही उशिरा येतात आणि जेवण बाहेरून मागवतात. परसाकडचं दार त्यांनी अजून एकदाही उघडलेलं नाही. बुधवारी दोरीवरचे कपडे काढायला मी अजूनही उशिराच जाते. यजमान विचारतात, काय ऐकतेस? मी म्हणते, काही नाही.

परवा शाळेच्या कामाने शाहपूरच्या पुढे जायचं होतं. बसमध्ये खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यांची पानं उन्हात चमकत होती. गाव यायच्या जरा आधी रस्त्याच्या कडेला एक विजेचा खांब, खांबावर कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस. आणि खाली, डोळ्यांवर हात धरून, मान पार मागे टाकून उभे असलेले काका. हातात जेवणाचा डबा. ते मोठमोठ्याने वरच्याला काहीतरी सांगत होते, डावीकडे की उजवीकडे, ते बसच्या आवाजात कळलं नाही. वरचा माणूस खाली न बघताच "हो बाबा, हो" म्हणत होता, हे मात्र त्याच्या ओठांवरून कळलं.

मी खिडकीतून हाका मारल्या. "काका! ओ काका!" त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष वर होतं. बस वळणावरून पुढे गेली आणि केळीच्या पानांआड आधी ते दिसेनासे झाले, मग खांब.